आपण यात नाही

दिलसुखनगरमध्ये राहणाऱ्याला ‘मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न सारखा ऐकावा लागतो, कारण इथं मूळचं असं फारसं कुणी नाहीच. दिलसुखराम प्रसाद नावाच्या जमीनदाराच्या शेतावर ही वस्ती उठली आणि त्याचंच नाव तिला चिकटलं. पुढं विजयवाड्याच्या रस्त्यानं नलगोंडा, सूर्यापेट, खम्ममकडची माणसं येत गेली. आता गल्लोगल्ली कोचिंग क्लासच्या आणि हॉस्टेलच्या पाट्या आहेत. संध्याकाळी करी पॉइंटवर पोरं रांगेत उभी असतात, भाजी पिशवीत बांधून घेतात आणि खोलीवर जाऊन कुकरला भात लावतात. प्रत्येकाच्या मागं एक गाव असतं, आणि रात्री उशिरापर्यंत त्या गावाशी फोन चालू असतो.

माझं उत्तर तयार असतं. देगलूर. नांदेड जिल्हा, तेलंगणाच्या आणि कर्नाटकाच्या हद्दीला खेटून. एकदा देगलूरचं नाव घेतलं की मला थांबवता येत नाही, हे घरच्यांना माहीत आहे. माझी मुलं ही वर्णनं ऐकतच वाढली, आणि आता त्यांचीही मुलं ऐकतात.

मी बाजार सांगतो. मदनूरकडून मिरची घेऊन येणारी बाई तेलुगूत भाव सांगायची, औरादकडचा माणूस कानडीत घासाघीस करायचा, तहसीलसमोरचे अर्जनवीस अजून उर्दूतून डोकं चालवायचे, आणि आम्ही पोरं सगळ्यांशी आमच्या मराठीत बोलायचो आणि भागायचं. माझ्या आजोबांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालं होतं. शेताचे जुने कागद उर्दूत, त्यावरचे आकडे हाली रुपयांत. ते वाचून दाखवताना आजोबांचा आवाज बदलायचा. मी गुंडामहाराजांच्या मठातलं चक्रीभजन सांगतो. टाळ घेतलेली माणसं गोल फिरता फिरता वेग कसा धरायची आणि आम्ही कडेला बसून ताल कसा चुकवायचो, हे सांगताना आजही माझे पाय हलतात. होट्टलच्या चालुक्यांच्या काळातल्या देवळांत आम्ही शिदोरी सोडून बसायचो आणि दगडातल्या बायांच्या अंगावरचे दागिने मोजायचो.

आणि सगळ्यात जास्त सांगतो ती येळवस. मार्गशीर्षातली अमावास्या. आदल्या रात्रीपासून घरात भज्जी शिजायची. तूर, हरभरा, वाल, मेथी, चिंचेचा कोळ, बेसन. तिचा वास गल्लीभर. आंबिलीचं मडकं, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, सगळं गाडीत. शेतात कडब्याची कोप रचलेली, तिच्यात चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव. दिवसभर तिथंच. मराठवाड्याच्या या दक्षिण टोकाबाहेर आणि बिदरकडच्या मुलखाबाहेर हा सण फारसा कुणाला ठाऊक नाही, त्यामुळं सांगायला अधिकच हुरूप येतो. दिलसुखनगरच्या तिसऱ्या मजल्यावर बायको भज्जी करते. वालाचे दाणे सरूरनगरच्या रयतू बाजारात मिळतात, बाकी चव स्वतःच्या मनातून घालावी लागते.

यातलं एकही अक्षर रचलेलं नाही. तरीही गेल्या काही काळापासून हे सांगताना माझा घसा मध्येच अडतो, आणि ते कशानं, हे स्वतःपुढं नीट मांडावं म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आधी दुसरी एक आठवण. २१ फेब्रुवारी २०१३, संध्याकाळी सातच्या सुमाराला दिलसुखनगरच्या बसथांब्यापाशी एकापाठोपाठ दोन स्फोट झाले. कोणार्क आणि वेंकटाद्री ही दोन थिएटरं, मध्ये खाण्याच्या टपऱ्या, कोचिंग सुटायची वेळ. पंधराहून अधिक माणसं गेली, शंभरावर जखमी झाली. गेलेल्यांत शिकायला आलेली पोरं होती. आमचं घर तिथून चालत जाण्याइतकं. मुलगी क्लासला गेलेली, फोन लागत नव्हता. त्या संध्याकाळचा प्रत्येक तपशील माझ्याजवळ आहे. खालच्या दुकानदारानं शटर ओढतानाचा आवाज, जिन्यातल्या बंद पडलेल्या दिव्याखाली उभी असलेली बायको, मुलगी आली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती ते. याच वस्तीत २००२ साली साईबाबांच्या देवळापाशी स्फोट झाला होता. २००७ साली गोकुळ चाट आणि लुंबिनी पार्कमध्ये स्फोट झाले त्या रात्री इथल्या पादचारी पुलाखालीही एक बॉम्ब सापडला आणि तो वेळीच निकामी केला गेला. या तारखा मला कुणी विचारल्या नाहीत तरी पाठ आहेत.

आता १९७८. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, म्हणजे सगळं कळण्याच्या वयाचा. २७ जुलैला राज्याच्या विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. बंद, मोर्चे, एस.टी. जाळणं, आणि मग खेड्याखेड्यांतून दलित वस्त्यांवर हल्ले. घरं जाळली, विहिरीत घाण टाकली, उभी पिकं कापून नेली. आमच्याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावात ४ ऑगस्टला पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. विद्यापीठाच्या नावाला आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं ते १४ जानेवारी १९९४ ला. त्याच्या दोनच महिने आधी नांदेडला गौतम वाघमारे यांनी याच मागणीसाठी स्वतःला जाळून घेतलं होतं.

हे सगळं मी नंतर वाचून जमवलेलं आहे. ऑगस्ट १९७८ ची माझी स्वतःची म्हणावी अशी आठवण कोणती? शाळेला सुट्टी होती. एस.टी. बंद, म्हणून मामा येऊ शकले नाहीत आणि आईनं त्यांच्यासाठी केलेले धपाटे आम्हीच संपवले. पाऊस चांगला होता. हायब्रीड ज्वारी पोरांच्या डोक्याएवढी झाली होती आणि आम्ही तिच्यात लपाछपी खेळायचो. पानांच्या कडा हाताला कापायच्या, घरी गेल्यावर आंघोळीच्या पाण्यानं चुरचुरायचं.

एवढंच. माझ्याच बाकावर बसणारा एक मुलगा त्या दिवसांनंतर शाळेत दिसला नाही. तो गणितात माझ्या पुढं होता, त्यामुळं तो नसणं माझ्या लक्षात आलंच होतं. शाळेत पाण्याचा माठ होता, आम्ही ओगराळ्यानं पाणी काढून घ्यायचो. त्याला शिपाई वरून ओतायचा, तो ओंजळीनं प्यायचा. हे मी पाच-सहा वर्षं पाहिलं, आणि दिवस उगवतो-मावळतो तसं पाहिलं.

घरात त्या दिवसांत काय बोलणं व्हायचं, हे मात्र आठवतं. नाव बदलायला विरोध करणाऱ्यांत शिकली-सवरलेली माणसं होती, निजामाविरुद्ध तुरुंग भोगलेलीही होती. विद्यापीठासाठी मराठवाड्यानं झगडा केलाय, मराठवाड्याचं नाव जाता कामा नये, असं ते म्हणायचे. आमचे वडील, अण्णा, त्यांना मानायचे. पण कुणाच्या अंगावर हात टाकणारे अण्णा नव्हते. आई रात्री दार लावताना घाबऱ्या आवाजात काही विचारायची, तेव्हा अण्णा म्हणायचे, “आपण यात नाही. तू झोप.” आणि आम्ही झोपायचो. गाढ.

मला छळतं ते हे आहे. माझ्या आठवणीनं प्रामाणिकपणे सगळं टिपलं, पण जे माझ्यावर चालून आलं तेच टिपलं. दिलसुखनगरचा स्फोट माझ्या लेकीवर येऊ शकत होता, म्हणून त्या जिन्यातला दिवासुद्धा जपून ठेवलेला आहे. १९७८ चा वणवा आमच्या दारावरून दुसरीकडं गेला, म्हणून त्याच्याऐवजी धपाटे उरले. आठवण आपल्या भीतीची वही ठेवते, शेजाऱ्याच्या भीतीची ठेवत नाही. आणि मी साठीच्या उंबरठ्यावर आलेला माणूस, त्या वहीलाच माझं गाव समजत आलो.

कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकताना स्कॉटलंडच्या जेम्स बॅरीशी गाठ पडली होती. पीटर पॅनवाला बॅरी. त्याचं गाव किरीम्यूर, विणकरांचं, लहानसं. आईनं सांगितलेल्या जुन्या आठवणींवर त्यानं त्या गावाची गोड चित्रं लिहिली, १८८८ आणि १८८९ साली पुस्तकं आली आणि लोकांनी उचलून धरली. त्याच्या मागोमाग स्कॉटलंडच्या छोट्या गावांवर तसल्याच लेखनाची लाट आली. मग १९०१ साली जॉर्ज डग्लस ब्राउन नावाच्या तरुणानं ‘द हाउस विथ द ग्रीन शटर्स’ ही कादंबरी लिहून छोट्या गावाचा आकस, चव्हाट्यावरची कुजबुज, पडलेल्याला तुडवण्यातली मजा, सगळं उघडं केलं. हा ब्राउन ऑकिल्ट्री गावातल्या एका अविवाहित मजूर बाईचा मुलगा होता. वर्गात मी दोघांची तुलना करून उत्तर लिहिलं आणि चांगले गुण मिळवले. बॅरी खोटं लिहीत नव्हता आणि ब्राउनही नाही. दोघं गावात वेगवेगळ्या दारांनी शिरले होते. हे मला तेव्हा कळलं होतं; स्कॉटलंडच्या बाबतीत कळलं होतं.

आपल्याकडं दुसऱ्या दारानं शिरलेली पुस्तकं नेमकी त्याच सुमाराला आली. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली, म्हणजे गावं जळत होती त्याच वर्षी. प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली. सोनकांबळे मराठवाड्याचे, त्यांची बोली आमची बोली, त्यांच्या रानातली पिकं आमची पिकं. १९२२ पासून चाललेल्या हैदराबादच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात मी ते पुस्तक वाचलं तेव्हा बँकेत नुकता लागलो होतो. पहिल्यांदा वाटलं ती ओळखीची ऊब: अरे, ही तर आपली भाषा. मग एकेक पान उलटताना ध्यानात यायला लागलं की या पुस्तकात मी आहे. उंबऱ्याच्या आतून बघणारा, दुरून भाकरी टाकणाऱ्या घरातला पोर म्हणून आहे. मी ते मिटलं आणि परत केलं. त्या दिवशी विचार करायला हवा होता तितका केला नाही.

येळवशीचंच घ्या. गाडी हाकायचा तो आमचा सालगडी. कोप रचायचा तो. पहाटे अंधारात रानात जाऊन जागा झाडून ठेवायची ती त्याची बायको. भज्जी त्यांनाही भरपूर मिळायची, आई हात आखडणारी नव्हती. पण पंगत उठल्यावर, बांधाच्या त्या अंगाला. मी नातवंडांना सण सांगतो तेव्हा बैलांची नावं सांगतो. सालगड्याच्या बायकोचं नाव मला येत नाही.

हे असंच पोटात राहिलं असतं. ते वर आलं ते एका मुलामुळं. आमच्या गच्चीवरची एक खोली आम्ही कोचिंगच्या मुलांना भाड्यानं देतो. बँकेच्या परीक्षेची तयारी करायला बिलोली तालुक्यातला एक मुलगा आला. “काका, रूम भेटंल का?” आपल्याकडची बोली ऐकून मला भरून आलं. मी त्याला बसवलं, चहा सांगितला, गाव विचारलं, नाव विचारलं. त्यानं नाव सांगितलं. आणि माझ्या तोंडून पुढचा प्रश्न आपसूक गेला, “पूर्ण नाव?”

त्यानं आडनाव सांगितलं आणि माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिला. शांतपणे, सवयीनं. आडनाव सांगून समोरच्याच्या चेहऱ्यावर काय हलतं ते वाचायचं, हे शिकावं लागतं. मला ते कधी शिकावं लागलं नाही. खोली मी त्याला दिली, त्याच भाड्यात दिली, आणि तो अजून तिथंच आहे. पण तो प्रश्न मी कशासाठी विचारला, याचं मी स्वतःला दिलेलं एकही उत्तर टिकत नाही. पोलीस पडताळणीसाठी? त्याचा कागद तर आधार कार्डावरून भरतात. ओळख निघते का ते बघायला? मग कुणाची ओळख मी शोधत होतो? दोनशे किलोमीटर लांब येऊन, या शहरात निम्मं आयुष्य काढून, ज्या वस्तीत कुणीच मूळचं नाही तिथं राहून, माझ्या दारात उभा राहिला तो माझ्या गावाचा शिपाईच, हातात ओगराळं घेऊन.

काही महिन्यांनी एका रात्री वीज गेली होती म्हणून मी गच्चीवर गेलो. तो अभ्यास सोडून बसला होता. बोलता बोलता मी सवयीनं देगलूर सुरू केलं, पाऊस, रान, हायब्रीड, लपाछपी. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आमचे आजोबा बी सांगतेत हायब्रीडचं. नामांतराच्या टायमाला चार रात्री तितंच होते सगळे. आजीच्या कडेला आमचे पप्पा होते, तान्हे. रडू नये म्हणून तोंडात पदर कोंबला होता म्हणं.” त्यानं ते मला ऐकवायचं म्हणून सांगितलं नव्हतं. मी रानाचं बोललो, त्याला रानाचं आठवलं, एवढंच.

ऑगस्ट तोच. ज्वारी तीच, तिची पानंही तशीच कापणारी.

तेव्हापासून मी आणखी एक गोष्ट तपासून पाहिली. आमच्या घरात रझाकारांच्या गोष्टी फार सांगितल्या जायच्या. आजी दागिने पोटाशी बांधून कशी निसटली, आजोबा किती रात्री घरी आले नाहीत. त्या खऱ्या आहेत आणि त्यांतली भीती खरी आहे. पण गोष्ट नेहमी १७ सप्टेंबर १९४८ ला संपायची. पोलीस कारवाई झाली, भारताच्या फौजा आल्या, गोडधोड झालं, समाप्त. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यातल्या मुसलमान वस्त्यांचं काय झालं, ते पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. तो अहवाल कितीतरी दशकं लोकांपुढं आला नाही. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा समितीचा अंदाज आहे, आणि ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक अत्याचार झाले त्यांत नांदेड आहे. मलकपेटला घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ मला देगलूरचा म्हणून चहा पाजायचे. “हमारे वालिद भी उधरीच के,” म्हणायचे. सगळं सोडून ते हैदराबादला का आले, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते वारले.

यावर माझं मन एक बचाव पुढं करतं, आणि तो मी इथं मांडतो, कारण तो सगळाच खोटा नाही. अकरा वर्षांच्या पोरानं काय करायचं होतं? अण्णांनी दार लावलं ते चार लेकरं झोपलेल्या घराचं. ते खरंच कशात नव्हते. आणि बालपणाची गोडी हा काही गुन्हा नाही; भज्जीचा वास मला आवडतो म्हणून मी कुणाचं काही हिसकावत नाही. हे सगळं मान्य. पण अकरा वर्षांचा पोर त्यानंतर कितीतरी वर्षं मोठा माणूस होता. त्याला पुस्तकं मिळाली, पगार मिळाला, फोन मिळाला. त्यानं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर गाव सांगताना घसा अडला असता, आणि त्याला गाव न अडखळता सांगायचं होतं. आणि ‘आपण यात नाही’ हे म्हणायला मिळणं, हाच तर आमचा वाटा होता. बाकावरच्या त्या मुलाच्या बापाला त्या रात्री हे वाक्य म्हणता आलं नसतं.

मागच्या आठवड्यात मी आक्काला फोन केला. ती नांदेडला असते, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. त्या मुलाचं नाव घेतलं तर तिला लगेच आठवलं. त्यांचं घर जळालं नव्हतं, म्हणाली, पण बापानं पोरांना बहिणीकडं धाडलं ते कायमचं. तो मुलगा पुढं रेल्वेत लागला, आता निवृत्त आहे. “तुला इतकं सगळं माहीत होतं?” मी विचारलं. ती म्हणाली, “सगळ्यांनाच माहीत होतं रे. आता कशाला काढायलास?” बऱ्याच वेळानं तिनं नंबर मिळवून दिला.

अजून लावलेला नाही. तो बोलायला तयार होईल असं मी धरून चाललेलो नाही. माझ्या मनाची शांती त्याच्याकडून उसनी घ्यायची नाही, हेही मी ठरवलं आहे. तो मला ओळखत नाही म्हणाला तर फोन ठेवायचा. बोललाच तर त्याला जे सांगायचं असेल ते आधी, माझं नंतर. मी एका कागदावर विचारायच्या गोष्टी लिहून काढल्या आहेत. त्या रात्री तुम्ही कुठं होतात. तुमचं पुस्तकांचं दप्तर शाळेतच राहिलं होतं, ते कुणी पोचवलं का. माझ्या वडिलांकडं तुमचे वडील आले होते का, आणि आले असतील तर अण्णा त्यांना काय म्हणाले. आणि सगळ्यात खाली, दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेलं: आमच्या गल्लीतलं कोण कोण त्यात होतं.